बेडोकमध्ये वाचलेला एक-शून्यचा सामना

सिंगापूरहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "ते तीन इमारतींवर जहाज ठेवल्यासारखं हॉटेल बघितलंस का?" बघितलं. बसच्या खिडकीतून, सोनाली मोबाइलवर बोट दाखवत असताना, साधारण वीस सेकंद. बाग बघितली, प्राणिसंग्रहालय बघितलं, तिथला घाम तर भरपूरच बघितला. पण त्या पंधरा दिवसांत मी सगळ्यात जास्त वेळ ज्याच्याकडे टक लावून बसले, तो होता पिवळा पडलेला एक कागद. त्यावर अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी जपानमध्ये झालेला बेसबॉलचा एक सामना होता. निकाल एक-शून्य.

मला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मी सांगलीत शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली सव्वीस वर्षं रविवारी जिल्हा क्रिकेट सामन्यांची स्कोअरर म्हणून बसले. तंबूच्या कोपऱ्यात टेबल, दोन रंगांची पेनं, चहाचा थर्मास. कोणी शतक मारलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, आधी लिहायचं. त्यामुळे मैदानात काय झालं यापेक्षा वहीत काय उतरलं यावर माझा जास्त विश्वास. या सवयीनं सिंगापुरात मला चांगलंच अडचणीत आणलं.

बिशान, पहिले तीन दिवस

माझा धाकटा भाऊ मिलिंद बिशानला राहतो. तो तुआसला जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. सकाळी सहाला बाहेर पडतो तो संध्याकाळी सातला उगवतो. त्याची बायको सोनाली घरूनच काम करते, कानाला हेडफोन आणि हातात भाजीचा चमचा. बाराव्या मजल्यावरचं त्यांचं घर इतकं स्वच्छ, की पहिल्या दिवशी मला लाडूचा डबा उघडायची भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी जेवताना मिलिंद म्हणाला, "ताई, तुला एका माणसाकडे न्यायचंय. माझे जुने बॉस. कुसानो-सान, सान म्हणजे आपलं साहेब. रिटायर होऊन सात वर्षं झाली. जपानी आहेत, पण बायको इथली. बेडोकला राहतात."

"मला कशाला?"

"तू स्कोअरर आहेस असं मी एकदा बोललो होतो. तेव्हापासून दर फोनवर विचारतात, बहीण कधी येणार. त्यांच्याकडे एका मॅचचा स्कोअरशीट आहे. ते तरुणपणी प्रोफेशनल बेसबॉल खेळायचे."

"अगं बाई! मोठे खेळाडू?"

मिलिंदनं वरणाचा घास थांबवला. "एक मॅच," तो म्हणाला. "मोठ्या संघातून एकच मॅच खेळले. त्यानंतर खांदा गेला."

बेडोक, बुधवार

मिलिंदला रजा नव्हती. सोनालीनं मला कागदावर लिहून दिलं: बिशानहून लाल लाइन, सिटी हॉलला उतरून हिरवी लाइन, बेडोक. मी सिटी हॉलला उतरले, हिरव्या गाडीत बसले आणि चार स्टेशनं उलट्या दिशेला गेले. शेजारच्या एका बाईंनी माझा कागद वाचला, "आंटी, राँग side lah," म्हणाल्या आणि पुढच्या स्टेशनला स्वतः उतरून मला समोरच्या गाडीत बसवून परत गेल्या. त्यांना कुठे जायचं होतं देव जाणे. ते lah म्हणजे इथल्या वाक्यांचं शेपूट, एवढं मात्र कळलं.

कुसानो-सानांच्या बायकोनं, मेईनं, मला हॉकर सेंटरमध्ये भेटायला सांगितलं होतं. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली पन्नासेक खाद्यपदार्थांची दुकानं आणि मध्ये टेबलंच टेबलं. दुपारच्या गर्दीत एक टेबल मला चक्क रिकामं मिळालं. वर कोणीतरी टिश्यूचं पाकीट विसरलं होतं. मी बसले, त्यातला एक टिश्यू काढून घाम पुसला, मग दुसरा काढून मान पुसली. तेवढ्यात नूडल्सचा वाडगा घेतलेला टाय लावलेला एक माणूस समोर येऊन उभा राहिला. तो माझ्याकडे बघेना, पाकिटाकडे बघत होता.

"तुमचं आहे?" मी विचारलं.

"टेबल माझं आहे," तो अतिशय सभ्यपणे म्हणाला.

इथे पाकीट ठेवलं की जागा धरली जाते. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसं. फरक एवढाच, की आपल्याकडे रुमालावरून भांडण होतं आणि इथे टिश्यूचा शब्द अखेरचा. मी दोन टिश्यूंसकट उठायला लागले तर मागून हसण्याचा आवाज आला. साठी ओलांडलेली, आखूड केसांची, फुलाफुलांचा ब्लाउज घातलेली एक ठेंगणी बाई पोट धरून हसत होती. मिलिंदनं तिला माझा फोटो पाठवला होता.

"तू मिलिंदची ताई! आल्या आल्या चोरी केलीस lah!"

मेई ती हीच. आमचं तिथल्या तिथे जमलं. तिनं मला तांदळाच्या उकडलेल्या वाट्या खाऊ घातल्या, वर खारवलेल्या मुळ्याचा बारीक कीस आणि मिरचीचा ठेचा. इडलीची चुलत बहीण म्हणावी, पण जास्त लुसलुशीत आणि जरा गप्प स्वभावाची. चव सगळी वरच्या मुळ्याची. मी तिला सांगलीचं भडंग दिलं. तिनं पुडा तिथेच फोडला, एक मूठ तोंडात टाकली आणि डोळे मोठे केले. "हे त्याला दाखवायचं नाही," ती म्हणाली. "संपवेल."

मग तिचा आवाज बदलला. "ऐक. वर जाण्याआधी तुला एक सांगते. ती मॅच ते हरले. मागे उभा राहणारा एक खेळाडू होता, इनागाकी. याचा रूममेट, जिवाचा मित्र. शेवटच्या क्षणी त्याच्या हातून चेंडू सुटला आणि हे हरले. हा त्याला सगळ्यांसमोर काहीतरी भयंकर बोलला. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही बोलणं नाही. आता त्या इनागाकीचं पत्र आलंय. पुढच्या मंगळवारी टूरबरोबर सिंगापूरला येतोय, एकदा जेवूया म्हणतो. महिना झाला पत्राला. हा उत्तरच देत नाही."

"मग मी काय करू?"

"मला माहीत नाही," मेई म्हणाली. "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तरी मला तो कागद वाचता येत नाही. तू वाच."

कुसानो-सान दारातच उभे होते. उंच, ताठ, इस्त्रीचा सदरा, डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. त्यांनी वाकून नमस्कार केला, मीही वाकले, ते पुन्हा वाकले, मीही पुन्हा. मेईनं आम्हा दोघांना हाताला धरून आत घेतलं नसतं तर आम्ही अजून तिथेच असतो.

चहा झाला आणि त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून तो कागद काढला. संघाच्या म्हाताऱ्या स्कोअररनं पहिल्या सामन्याची आठवण म्हणून त्यांना स्वतःच्या हातानं नक्कल करून दिली होती. काय अक्षर! बारीक चौकोन, प्रत्येक चौकोनात एक छोटा हिरा, त्यात मुंगीएवढे आकडे. निळी शाई, चुका लाल शाईत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

त्यांनी मला शिकवलं. मैदानात हिऱ्याच्या चार टोकांना चार बेस, तीन ओलांडून चौथ्यावर, म्हणजे घरी, पोचलं की एक धाव. प्रत्येक जागेला नंबर असतो. चेंडू टाकणारा पिचर एक, म्हणजे ते स्वतः. पहिल्या बेसवरचा तीन, दुसऱ्यावरचा चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला, ज्याला शॉर्टस्टॉप म्हणतात, तो सहा. सहानं जमिनीवरून आलेला चेंडू उचलून तीन नंबरकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला की लिहायचं "सहा-तीन". असे तीन बाद झाले की पाळी संपली. अशा नऊ पाळ्या. पंधरा मिनिटांत मला वाचता यायला लागलं. मीही त्यांना आमचं सांगितलं, की षटकात एकही धाव निघाली नाही तर सहा टिंबं जोडून आम्ही एम काढतो. हे ऐकून त्यांनी आपणहून कागदावर एक एम काढून बघितला आणि लहान मुलासारखे खूश झाले.

मग मी मेईला तो सामना मोठ्यानं वाचून दाखवला. पहिली पाळी, शून्य. दुसरी, शून्य. कोणी धावत घरी पोचेना. सातव्या पाळीत समोरच्या संघाचे दोन जण बेसवर, एक फटका आणि सगळं संपणार, तोच सहा-तीन. आठवी, शून्य. मेई सोफ्याच्या टोकाला सरकली होती. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच ती त्या मैदानात शिरली होती. "मग? मग?"

नववी पाळी. कुसानो-सानांनी पहिल्या फलंदाजाला चार चेंडू बाहेर टाकले, त्यामुळे त्याला पहिला बेस फुकट मिळाला. दुसऱ्यानं चेंडू हलकेच ढकलून स्वतःचा बळी देत त्याला पुढे सरकवलं. तिसरा बाद. दोन बाद, दुसऱ्या बेसवर एक माणूस. पुढच्याचा फटका जमिनीवरून थेट सहाकडे. आणि तिथे लाल शाई. चूक. चेंडू पायांमधून मागे गेला, माणूस घरी पोचला, सामना संपला. शेवटच्या पाळीत असं हरण्याला जपानीत "सायोनारा" म्हणतात, हे सांगताना कुसानो-सान हसले, पण नुसत्या ओठांनी.

"सोपा चेंडू होता," ते म्हणाले. "शंभरातले शंभर तो उचलायचा. त्या एका चेंडूमुळे मी हरलो. मला दुसरी संधी मिळाली नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वही समोर असली की माझं तोंड बंद राहत नाही. वाचता वाचता मी सवयीनं बोटांवर मोजत होते.

"कुसानो-सान," मी म्हणाले, "तुमच्या बाजूनं सव्वीस जण बाद झाले. त्यात सहा नंबर अकरा वेळा आहे. सातव्या पाळीत तोच आहे. इतका कमी धावांचा सामना झाला तो त्याच्यामुळे झाला. आणि शेवटी जो माणूस घरी पोचला, त्याला पहिला बेस तुमच्या चार चेंडूंनी दिला."

कुसानो-सानांनी कागद हळूच पाकिटात सरकवला. "चहा थंड झाला," ते म्हणाले, आणि उठून आत गेले. ते परत बाहेर आले नाहीत. मेई मला लिफ्टपर्यंत सोडायला आली. तिनं माझा हात दाबला. तो शाबासकीचा होता की निरोपाचा, ते मला कळलं नाही.

बिशान, गुरुवार ते शनिवार

"ताई, तू त्यांना काय म्हणालीस?" मिलिंद गुरुवारी कामावरून आला तो बूट न काढताच. या घरात बूट न काढणं म्हणजे काय ते मला एव्हाना कळलं होतं. "मी फोन केला तर दोन शब्द बोलून ठेवून दिला त्यांनी. ज्या माणसानं मला इथे उभं केलं, त्याच्या घरी जाऊन तू..."

"जे कागदावर होतं ते वाचलं."

"प्रत्येक गोष्ट वाचून दाखवायची नसते गं!"

खरं सांगायचं तर तो बरोबर होता. सव्वीस वर्षं मी तंबूच्या कोपऱ्यात बसले, पण बाद झालेला खेळाडू परत येताना त्याला कधी आकडे ऐकवले नाहीत. आणि इथे परक्या घरी, चहा पिऊन, सत्तरीला आलेल्या माणसाला त्याच्या आयुष्यातल्या एकमेव सामन्याचा निकाल मी नव्यानं ऐकवला होता.

पुढचे दोन दिवस सोनालीनं मला फिरवलं. ऑर्किडची बाग सुंदर होती म्हणतात. मी फुलांच्या पाकळ्या मोजत होते. शुक्रवारी तिनं "कॅरट केक" मागवला, त्यात ना गाजर निघालं ना केक. मुळा आणि तांदळाच्या वड्या अंड्यात परतून आल्या. एरवी मी यावर अर्धा तास बोलले असते. सोनाली म्हणाली, "ताई, तुम्ही गप्प आहात म्हणजे मला आता खरंच भीती वाटायला लागली."

शनिवारी सकाळी पोहे करत असताना सोनालीचा फोन वाजला. तिनं तो माझ्या कानाला लावला, माझे हात हळदीचे होते.

"अकरा नाही," पलीकडून आवाज आला. ओळख नाही, नमस्कार नाही. "बारा."

"काय?"

"मी तीन वेळा मोजलं. पाचवी पाळी बघा. चार-सहा-तीन. एका चेंडूवर दोन बाद. चेंडू चारनं उचलला, म्हणून तुम्ही सोडून दिलात. पण मधे सहा आहे. तो मधे नसता तर दुसरा माणूस बाद झाला नसता."

मी तशीच उभी. पोहे खाली लागत होते, सोनालीनं गॅस बंद केला. सव्वीस वर्षांत माझी मोजणी चुकल्याचं कोणी दाखवून दिलं नव्हतं, आणि मला इतका आनंदही कधी झाला नव्हता.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "लाल शाईनं लिहा."

पलीकडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं खोकताहेत. ते हसत होते. "मंगळवारी दुपारी या," ते म्हणाले. "मी त्याला काल उत्तर पाठवलं. मेई म्हणते, आम्ही दोघं बोललो नाही तर कोणीतरी बोलणारं माणूस हवं."

बेडोक, मंगळवार

मेईनं सोळा माणसांना पुरेल एवढं जेवण केलं होतं. वाफवलेला मासा, आल्याचे पातळ काप, पालेभाजी, भात, आणि एका कोपऱ्यात, कसं कोण जाणे, उरलेलं भडंग वाटीत. कुसानो-सानांनी सकाळपासून तीन सदरे बदलले होते, असं मेईनं मला दारातच सांगितलं.

इनागाकी-सान आले ते अगदी छोटेसे, गोल, चेहऱ्यावर उन्हाचा लालसरपणा आणि टूरवाल्यांची पिवळी टोपी डोक्यावर. अठ्ठेचाळीस वर्षांचं वैर ज्या माणसाशी आहे तो असा दिसत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमच्या सांगलीच्या बाजारात हळद विकायला बसला असता तरी खपला असता.

ते आत आले. कुसानो-सान समोर उभे राहिले. मी माझी बोलायची वाक्यं मनात तयार ठेवली होती, हवामानाबद्दलची. लागली नाहीत. कुसानो-सान एकदम कंबरेत वाकले आणि तसेच वाकलेले राहून जपानीत बोलू लागले. मेई माझ्या कानात कुजबुजत होती. "तो म्हणतोय, त्या दिवशी मी म्हणालो की तुझ्याऐवजी तिथे दगड ठेवला असता तरी चाललं असतं. मी चुकलो. मी मोजलं, बारा वेळा तूच होतास. मला माफ कर."

इनागाकी-सानांनी टोपी काढून हातात घेतली आणि ते बोलायला लागले. हळूहळू, जणू ही गोष्ट त्यांनी खूपदा स्वतःला सांगितली होती.

मेईची कुजबुज मध्येच थांबली. मी तिला कोपरानं ढोसलं.

"तो म्हणतोय," मेई म्हणाली, "तू मला दगड म्हणालास ते मी विसरलो नाही. पण चेंडू का सुटला ते मी तुला कधी सांगितलं नाही. फटका बसला, चेंडू माझ्याकडे येत होता. सोपा होता. आणि मला दिसलं की तू मागे वळूनसुद्धा बघितलं नाहीस. चेंडू माझ्याकडे येतोय हे दिसताच, पाळी संपली असं समजून तू बाकाकडे चालायला लागला होतास. तुझा इतका विश्वास होता माझ्यावर. मी ते बघत राहिलो. एकच क्षण. चेंडूवरची नजर हलली आणि तो गेला."

हे कागदावर नव्हतं. त्या म्हाताऱ्या स्कोअररनं बारीक अक्षरात सगळं उतरवलं होतं, पण कोण कुठे चालायला लागलं ते लिहायला कुठल्याच वहीत चौकोन नसतो. माझ्याही नव्हता. आमच्या मैदानावर किती जण असे चालायला लागले असतील आणि मी मान खाली घालून टिंबं जोडत बसले असेन.

कुसानो-सान सरळ झाले. "मी चालायला लागलो होतो?" त्यांनी विचारलं. जपानीत होतं, तरी ते मला मेईशिवाय कळलं.

इनागाकी-सानांनी मान हलवली आणि त्या छोट्या खोलीत चालून दाखवलं. ताठ मानेनं, उजवा हात जरा मागे, टीव्हीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत. ते हुबेहूब कुसानो-सान होते. मेई आधी हसली, मग रडली, मग "मासा गार होतोय lah!" म्हणून सगळ्यांवर ओरडली.

जेवताना ते दोघं काय बोलले ते मेईनं भाषांतर केलं नाही आणि मी विचारलं नाही. चार वाजता टूरची बस हॉटेलपासून निघणार होती, म्हणून साडेतीनला खाली टॅक्सी बोलावली. आम्ही चौघं उतरलो. इमारतीखाली टॅक्सीचं दार उघडं होतं. इनागाकी-सान वाकले. कुसानो-सान वाकले. इनागाकी-सानांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, हे अजून खालीच आहेत, म्हणून ते आणखी वाकले. कुसानो-सानांनीही बघितलं, आणि तेही आणखी वाकले. आधी सरळ व्हायला कोणीच तयार नव्हतं. एकाचा गुडघा थरथरत होता, दुसऱ्याचा खांदा. टॅक्सीवाल्यानं मीटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग इंजिन बंद करून, सीट मागे सरकवून आरामात बसला.

"किती वेळ राहतील असे?" मी मेईला विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली.